कोंडाबाई यांनी तुम्हाला काढून टाकलं

एन्टरच्या बटणाला आवाज पाहिजे. आवाज नसलेला कीबोर्ड म्हणजे हुंकार न देता ऐकणारा माणूस.

कारळाच्या चटणीचा वास. रविवारी, नाश्त्याच्या वेळेला, तव्यावर भाकरी.

ज्या फोनचं मागचं झाकण नखानं निघत नाही तो फोन तुमचा नाही. तुम्ही त्याचे.

काचेच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. कुणाची कुठली, कळत नाही.

आळंदच्या गाडीचा कंडक्टर अजून गुलबर्गाच ओरडतो. पाटीवर कलबुर्गी वाचून आलेले सगळे त्याच गाडीत चढतात.

राउटरचा हिरवा दिवा विझलेला.

तुम्ही या गटाचे सदस्य नसल्यामुळे संदेश पाठवू शकत नाही.

हे शेवटचं वाक्य अमरदीपनं मोठ्यानं वाचलं, कारण कॅमेरा चालू होता. पडद्यावर दिसेल ते मोठ्यानं वाचायचं ही त्याच्या व्हिडिओंची पद्धतच होती. त्याचे निम्मे प्रेक्षक कट्ट्यावर बसून एकाच्या फोनवर ऐकणारे. त्यांना मराठी येतं, कानडी येतं, दखनी येतं, वाचता मात्र यातलं काहीच येत नाही. म्हणून तो सेटिंगला 'दातेरी चाकाचं चित्र' म्हणायचा आणि प्रत्येक पाटी, प्रत्येक इशारा सावकाश वाचून दाखवायचा. कलबुर्गीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळणारा हा माणूस दर रविवारी पुढच्या खोलीत पडदे ओढून बसे आणि बाजारात आलेल्या एकेका वस्तूची हजेरी घेई. आज स्वस्तातला एक नवा फोन होता. त्यात त्यानं आपलाच नंबर जोडला होता आणि फोटो गटात कसा टाकायचा ते दाखवायला आपल्या गावचा गट उघडला होता. मादन हिप्परगा धम्म परिवार. लिहायची जागा असते तिथं राखाडी पट्टी होती. ती त्यानं वाचली, स्पष्ट, शेवटच्या शब्दावर नेहमीसारखं थांबून. मग तिच्या वरची ओळ वाचली: कोंडाबाई यांनी तुम्हाला काढून टाकलं. आणि तेव्हा कुठं त्याला उमगलं की हे आपण आपल्यालाच वाचून दाखवलंय.

इथं कट.

कोंडाबाई म्हणजे त्याची आत्या. नवरा वारल्यावर माहेरी, भावाच्या घराला लागून राहणारी, शाळेची पायरी न चढलेली, आणि गटाची मुख्य. तिला मुख्य त्यानंच केलं होतं. विहारात पहिली मेणबत्ती थोरल्या बाईच्या हातची लागते, मग गटाच्या किल्ल्याही थोरल्या बाईकडंच पाहिजेत, असं त्यानं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं आणि स्वतःच्या या विचारावर तो कितीतरी दिवस खूष होता. मोठमोठ्या कंपन्यांना हे सुचत नाही. त्यांच्या लेखी वापरणारा म्हणजे एकटा माणूस, एक पासवर्ड, एक अंगठा. आमच्याकडं एक फोन म्हणजे एक कट्टा असतो, आणि हे ज्याला कळलं नाही त्यानं आमच्यासाठी फोन बनवू नये, हे त्याचं मत त्यानं तीन भाषांत मांडलेलं होतं. आत्याला त्यानं चित्रांवरून शिकवलं. माणूस आत घ्यायचा तर हे, बाहेर काढायचा तर लाल अक्षरांची ओळ. लाल अक्षरं म्हणजे तिखट, आत्या, जपून हात लावायचा. ती हसली होती. "तिखटच तर आमी खातो रे लेकरा," म्हणाली होती. आणि आता त्या लाल ओळीला तिनं हात लावला होता आणि बाहेर पडला होता तो.

कॅमेरा अजून चालूच होता. समोर लाल ठिपका, आणि ठिपक्याच्या पलीकडं जे कुणी असतात ते. त्यांच्याशी बोलायची सवय इतकी जुनी की मनातल्या मनातही तो आता त्यांनाच सांगत होता: दोस्तहो, चुकून झालं असेल. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा. कोरडा अंगठा पडद्याला नीट लागत नाही, जिथं लागायचा तिथं लागत नाही आणि भलतीकडं लागतो. पण लाल ओळीनंतर फोन पुन्हा विचारतो, नक्की काढायचं का? दोनदा चूक होत नाही. तो पंधरवड्यापूर्वी गावी गेला तेव्हा हाच अंगठा नळाच्या पाण्याची वेळ गटात आवाजानं सांगत होता, मोटर चालवणाऱ्याला शिव्यांसकट, आणि एकही शब्द वाया गेला नव्हता. मग? गटाबाहेरचा अमरदीप कोण? शहरात भाड्यानं राहणारा एक इसम. गावी त्याचं शेत नाही, गुरं नाहीत. जन्मलेलं घर आहे, वडील आहेत आणि हा गट आहे. वस्तीतल्या कुणाच्या पोराला कुठं नोकरी निघाली, बस किती वाजता चुकली, वंदना किती वाजता, कुणाची शेळी व्याली, हे सगळं त्याच्या खिशात वाजत होतं म्हणून तो लॅबमधल्या थंड हवेतही हिप्परग्याचाच होता. ते वाजणं आज सकाळपासून बंद होतं आणि त्याला वाटलं होतं, रविवार आहे.

कारण शोधायला फार लांब जायला नको होतं. गटात कुणी काही खोटं पुढं ढकललं की तो त्याखाली एकच शब्द लिहायचा: खोटं. कलिंगडात इंजेक्शन, खोटं. आज रात्री फोन उशाशी ठेवू नका, आकाशातून किरण येणार आहेत, खोटं, काका, आकाशातून किरण रोजच येतात. लोक आधी हसले, मग गप्प झाले. आणि मग भगवानरावांची गोष्ट. चुलते भगवानराव गेल्या वर्षी गेले तेव्हा वस्तीतला तानाजी मोटरसायकल मारत कलबुर्गीला आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, काकाला जरा बरं न्हाई, चल, आन् आधी जेव. रस्त्यात तोंड उघडेना. आळंदच्या पुढं, एका झाडाखाली गाडी थांबवून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं. गावाकडची रीतच तशी: जवळच्याला मरणाची खबर लांबून द्यायची नाही. माणूस पाठवायचा, त्यानं आधी पोटात चार घास घालायचे, जवळ बसायचं, मग बोलायचं. अमरदीपला दुःखापेक्षा राग आधी आला होता. सगळ्या जगाला कळलेलं, आणि माहितीवर पोट भरणाऱ्या माणसाला रस्त्यात, झाडाखाली! जलदान विधीच्या दिवशी तो सगळ्यांसमोर उभा राहिला. छपन्न साली आपल्या माणसांनी एवढ्या रीती सोडल्या, ही कामून धरून ठेवायची? माणूस गेला की त्याच क्षणी गटात टाका. खरी बातमी, लगेच, सगळ्यांना सारखी. याहून मोठी समता कोणती? त्याला अजूनही वाटे की त्या दिवशी तो फार चांगला बोलला. मग आत्या मागच्या रांगेतून म्हणाली, "फोन काय पाठीवर हात फिरवतो का रं?" आणि बाया हसल्या. तो खाली बसला. तेव्हापासून त्याच्या आणि गटाच्या मध्ये काहीतरी कोरडं राहिलं होतं. आता आत्यानं त्याचा हिशेब पुरा केला असणार. बोलघेवडा भाचा, बस बाहेर.

त्यानं कॅमेरा बंद केला आणि लॅपटॉपवरून बघावं म्हणून उठला तर इंटरनेट नाही. राउटरची वायर भिंतीतून उपसून, नीट गुंडाळून ठेवलेली.

"राउटर कुणी बंद केला?"

"मी," त्याची बायको पंचशीला आतून म्हणाली. ती कानडी शाळेत शिकवायची आणि घरातली एकही वायर आजवर तिनं हातात घेतली नव्हती.

"कामून?"

"गरम झालता."

"राउटर गरमच असतो की."

"मंग निवू द्या जरा. तुमी जेवून घ्या."

"आत्ता? रविवारी?"

"भाकरी निवायलीय."

"राउटर निवला पायजे आन् भाकरी निवू नये, आसं व्हय?"

एरवी ती हसली असती, किंवा म्हणाली असती की तुमच्या राउटरशीच लग्न लावायला पायजे होतं. आज नुसती पाठ करून उभी राहिली, हातातल्या पिठाकडं बघत. तिलाही गटातलं कळलेलं दिसतं, त्याला वाटलं. बायकांचं आधीच ठरलेलं असतं. सकाळी आतल्या खोलीत ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, बराच वेळ ऐकत आणि थोडंच बोलत. ते हेच असणार. त्याच्या अपमानाची तयारी घरातूनच चालली होती आणि त्याच्यावर उपाय म्हणून कारळाची चटणी.

अपमान. हा शब्द मनात आला तसा त्याला काचेचा दरवाजा आठवला. बारावी झाल्यावर वडिलांनी, नरसिंगनं, त्याला गुलबर्ग्याला आणलं ते कॉलेज. आत कॉम्प्युटर होते. दारावर शिपाई, आत पडदे, दाराखालच्या फटीतून थंड हवा पायांच्या बोटांवर यायची. चपला बाहेर काढा, शिपाई म्हणाला. नरसिंगचा चेहरा एकदम मिटला. गावात काही गल्ल्या होत्या, तिथून त्याच्या बापाला चपला हातात घेऊन जावं लागे. त्यानं स्वतः तो नेम मोडला होता, मार खाऊन मोडला होता, आणि आता शहरात, पोराच्या शिक्षणाच्या दारात, पुन्हा चपला. "हितं बी?" त्यानं विचारलं. अमरदीपनं बोट दाखवलं. "अप्पा, हितं समद्यांच्याच." ढिगात प्राध्यापकांचे चकचकीत बूट होते, गावच्या पाटलाच्या पोराचे पांढरे बूट होते, मुलींच्या नाजूक चपला होत्या, सगळं उलटंपालटं. नरसिंगनं बराच वेळ तो ढीग बघितला. मग आपली टायरची चप्पल काढली आणि पाटलाच्या पोराच्या बुटावर, बरोबर वर, ठेवली. आत गेला नाही. त्याचं काम झालं होतं. गावात जाऊन त्यानं सांगितलं की गुलबर्ग्यात एक यंत्र आहे, त्याच्यापुढं समद्यांना अनवाणी जावं लागतं आणि माझं पोरगं त्याच्याशी बोलणार आहे. धुळीच्या भीतीनं चपला काढायला लावत, हे अमरदीपनं त्याला कधीच सांगितलं नाही.

कॉम्प्युटर आडनाव विचारत नाही, हे त्या दिवसापासून त्याचं पहिलं मत. नंतर इंटरनेट आलं आणि विचारायला लागलं. त्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली कुणी ना कुणी लिहितोच: सर, पूर्ण नाव काय? तो उत्तर देतो: पासवर्ड आणि आडनाव कुणाला विचारू नये, भाऊ. या उत्तराला व्हिडिओपेक्षा जास्त अंगठे मिळतात. सगळं नासलं तरी यंत्र त्याचं होतं. झाकण उघडून, पंखा पुसून, मेलेला संगणक फुंकर घालून उठवणारा माणूस तो. कॉलेजनं भंगारात काढलेली खोकी हिप्परग्याच्या विहारात नेऊन त्यानं मांडली आणि वस्तीतल्या पोरी तिथं बोटं न बघता टाइप करायला शिकल्या. त्याची लेक प्रेरणा त्यातलीच, आता बेंगळुरूला असते. नरसिंगकडं मात्र बटणांचाच फोन. "मला त्यात बघायचं काय हाय? माझा तर त्यात बोलायलाय," तो म्हणायचा, आणि संध्याकाळी बहिणीच्या फोनवर अमरदीपचा व्हिडिओ मोठ्या आवाजात लावायला सांगून, समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडं बघत बसायचा. फोनकडं नाही. माणसं ऐकतात का ते बघायचा. शोभाबाई किराणेवाली एकदा म्हणाली, नरसिंगअप्पा, कळतंय का काही? तो म्हणाला, कळायला कशाला पायजे, चुकायला न्हाई एवढं कळतंय.

तर असा माणूस. याला काढतात.

आणि तेव्हा त्याला दुसरा फोन आठवला. आठवला म्हणजे काय, तो पहिल्यापासून मनात होता, नुसतं त्याच्याकडं बघायचं बाकी होतं. गट बनवला तो जुन्या नंबरवरून. पुढं नंबर बदलला, आत्यानं नवा नंबर आत घेतला. जुना तसाच राहिला, कपाटाच्या खणातल्या एका म्हाताऱ्या फोनमध्ये, आणि अमरदीप अधूनमधून त्याला चार्ज करून जागा ठेवत असे. गट बनवणाऱ्याला कुणीच काढू शकत नाही, तो नियमच आहे. आत्याला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. म्हणजे दार लावून ते सगळे आत बोलत होते आणि आत एका कोपऱ्यात तो बसलेलाच होता. काढा म्हणावं. ज्यानं घर बांधलं त्याच्याकडं मागच्या दाराची किल्ली असते. त्यानं फोन काढला, मोबाइलचं नेट दिलं, बटण दाबून धरलं. तो फोन सावकाश उठणारा. आधी कंपनीचं नाव, मग काळोख, मग पुन्हा नाव. आता कळेल कोण काय म्हणालं. तानाजी काय म्हणाला. भगवानरावांच्या पोरांनी काय लिहिलं. एकेकाला नावासकट उत्तर द्यायचं, त्याच जुन्या नंबरवरून, खालून एकदम वर येऊन.

बाहेर गाडी थांबली. आत्याचा मुलगा, नागसेन. आळंद-हिप्परगा रस्त्यावर त्याची क्रूझर चालते, टपावरसुद्धा माणसं असतात. खिडकीतून अमरदीपनं बघितलं. क्रूझर रिकामी होती. नागसेनची रिकामी क्रूझर त्यानं कधीच बघितली नव्हती.

"जयभीम, अण्णा."

"जयभीम. आलास? ये. तुझ्या आईनं मला काढलं गटातून."

नागसेन चप्पल काढता काढता थांबला. "व्हय," म्हणाला. "तिला कुठं जमायलंय. आधी तानाजीलाच काढली. मंग बाबूलालला. मंग मलाच काढली की! समद्यांला परत घेऊन मंग तुझा नंबर लागला. तानाजी तर रुसून बसलाय, म्हणतो मी काय केलाव."

"आन् मी काय केलाव?"

नागसेननं पंचशीलाकडं बघितलं. तिनं पाट मांडला होता.

"जेवलास का, अण्णा?"

टेबलावर पालथा ठेवलेला म्हातारा फोन थरथरला. एकदा. मग पुन्हा. मग थांबेचना, एकामागून एक, लाकडावर सरकत सरकत कडेकडं निघाला, आणि अमरदीपनं त्याच्यावर हात ठेवला.

"मामाला जरा बरं न्हाई," नागसेन म्हणाला. "तुला बघायचं म्हणायलाय. जाऊन येऊ. जेव तू आधी."

तळहाताखाली सगळं हिप्परगा बोलत होतं. तानाजी, बाबूलाल, विहारातल्या पोरी, बेंगळुरूत, पुण्यात, सौदीत गेलेली पोरं, सगळी एकच काहीतरी लिहीत होती, एकाखाली एक, आणि ते काय आहे हे कळायला फक्त हात उलटा करायचा होता. खरी बातमी, लगेच, सगळ्यांना सारखी. नागसेनचं लक्ष त्या हाताकडं गेलं आणि त्याला काही कळलं नाही, पंचशीलाला कळलं. ती एक पाऊल पुढं आली आणि थांबली. तिनं फोन मागितला नाही. राउटर उपसणारी बाई, पण हे तिनं त्याच्यावर सोडलं.

तो पडद्याकडं न बघता बाजूचं बटण शोधत होता. या फोनचं बटण उजवीकडं, वरून दुसरं, थोडं आत गेलेलं. बटण दाबून धरलं. बराच वेळ दाबून धरलं. थरथर हाताला येत राहिली, मग नाही.

"गाडी सावलीत लाव," तो नागसेनला म्हणाला. "जेवून निघू. तू बी बस."

पंचशीलानं दोन ताटं वाढली. नागसेन नको नको म्हणत बसला आणि भाकरीचा एकच तुकडा मोडत राहिला. अमरदीप मात्र नीट जेवला. घास चावताना त्याच्या डोळ्यांसमोर आत्या होती: ओट्यावर, फोन डोळ्यांपासून लांब धरून, चित्रांच्या ओळीतून भाच्याचं तोंड शोधणारी. चुकली तशी माघारी गेली, काढलेल्याला परत आत घेतलं, पुन्हा शोधलं. आत घ्यायचं चित्र, बाहेर काढायची लाल ओळ; दोन्ही लक्षात ठेवलेली. त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तिनं गटात कुणाला तोंड उघडू दिलं नसणार. अख्खं गाव, आपापल्या हातात फोन घेऊन, त्याला काढल्याची ती एक ओळ दिसायची वाट बघत थांबलं असणार. असं थांबवता येतं हे फोन बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. शिकवण्यात काही उणं राहिलं नव्हतं, उलट शिकवलं होतं त्याच्या पलीकडं ती एकटी गेली होती. त्याला अभिमान वाटला. मोठा अभिमान, आणि त्याला घट्ट धरून तो ताट संपेपर्यंत बसला. नागसेनला त्यानं काही विचारलं नाही. नागसेनला आळंदच्या पुढं, कुठल्या तरी झाडाखाली सांगायचं होतं, आणि ते त्याला सांगू द्यायला पाहिजे होतं.

"चटणी आजून वाढू?" पंचशीलानं विचारलं.

"वाढ."

नरसिंग सकाळी शेळ्यांना पाला टाकताना वारला होता. मुठीतली फांदी कोंडाबाईनं सोडवून घेतली आणि पाला शेळ्यांपुढं टाकला.